झाकणाच्या आतली खूण

पोलीस चौकी, कसबा पेठ, पुणे शहर.
दिनांक २० मार्च १९८५, बुधवार. जबाब सुरू दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी.

नाव परवीन जब्बार आत्तार, वय ३१ वर्षे, धंदा घड्याळ दुरुस्ती, शिक्षण मॅट्रिक, अविवाहित, राहणार कसबा पेठ, तांबट आळीच्या मागे, तळमजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझी आई रशीदा हिच्यासह राहते. घराच्या ओट्यावर टेबल टाकून मी गेली सहा वर्षे घड्याळे दुरुस्त करते. पाटीवर फक्त "घड्याळ दुरुस्ती" असे लिहिले आहे, नाव घातलेले नाही. सकाळी दहा ते एक आणि चार ते सात काम चालते. मधल्या वेळेत कोणी आले तर मी दार उघडत नाही.

श्री. सर्जेराव गेनबा वाडकर, राहणार बिबवेवाडी, यांनी दि. १८ रोजी माझ्याविरुद्ध दिलेली फिर्याद मला आज वाचून दाखवण्यात आली. त्यांचे म्हणणे असे की त्यांचे मनगटी घड्याळ मी दुरुस्तीसाठी घेतले, परत दिले नाही व त्याचा अपहार केला. फिर्याद मी दोनदा वाचून घेतली. पहिल्याच वेळी समजली होती, पण पुन्हा ऐकावीशी वाटली.

मला विचारण्यात आले की फिर्यादीशी माझे पूर्वीचे काही वैर आहे काय. इथे "नाही" असे लिहायची पद्धत आहे, असे हवालदारसाहेब म्हणाले. माझे उत्तर "आहे" असे आहे व तसेच लिहावे. हे वैर अकरा वर्षांचे आहे आणि मी ते नीट जपले आहे.

ते कसे झाले ते सांगते.

सन १९७४ साली माझे वडील जब्बार हुसेन आत्तार यांचे नारायण पेठेत घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. आजोबांपासूनचे, सहा फूट बाय आठ फूट. अब्बा गिऱ्हाइकाला पावती देत नसत. कोणी मागितलीच तर म्हणत, "समोरच्या दुकानात पावती मिळते. घड्याळ मिळेल की नाही ते तेवढं विचारून घ्या." तरी लोक त्यांच्याकडेच येत. पावतीऐवजी अब्बा घड्याळाच्या मागच्या झाकणाला आतून सुईने बारीक खूण करत. वर ज, त्याखाली तारीख, त्याखाली क्रमांक. बहुतेक कारागीर अशी काहीतरी खूण करतात. ती मालकाला कधी दिसत नाही. झाकण उघडायला हत्यार लागते आणि भिंग डोळ्याला लावल्याशिवाय खूण वाचता येत नाही. माणूस घड्याळ जन्मभर हातात घालतो, पण आत कधी बघत नाही.

फिर्यादी सर्जेराव हे तेव्हा बिबवेवाडीचे बागायतदार होते. जमिनीचे दोन तुकडे विकून त्यांनी जीप घेतली होती व "मुंबईचा धंदा" करत होते. धंदा कसला ते कोणी विचारत नसे. अब्बांकडे ते पाच-सहा वर्षे येत होते. येताना मेथीच्या जुड्या आणत. ईदला आमच्या घरी नव्हे, दुकानावर येत व अम्मीने पाठवलेला शीरखुर्मा खात, दोन वाट्या. हे मी मुद्दाम लिहवून घेत आहे, कारण पुढे त्यांनी आम्हाला ओळखले नाही.

दि. २ सप्टेंबर १९७४ रोजी सर्जेराव बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घेऊन दुकानावर आले. त्यात विलायती बनावटीची अठ्ठेचाळीस मनगटी घड्याळे होती. मी अब्बांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले होते, त्यामुळे पुढचे बोलणे मी स्वतः ऐकले. ते म्हणाले, "जब्बारभाई, मुंबईच्या पाव्हण्यानं दुकान बंद केलं. पडून पडून त्याल सुकलं आसंल. जरा हात फिरवून ठिवा." अब्बांनी डबा फळीवर ठेवला. कागद मागितला नाही.

अब्बांना काहीच कळले नसेल असे मी म्हणणार नाही. ते मूर्ख नव्हते. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "या घड्याळांना समुद्राची हवा लागली आहे. झाकणांवर खार आहे." मी म्हटले, मग विचारा ना कुठून आणली. ते म्हणाले, "अगं, सर्जेरावांना असं कसं विचारायचं? काय वाटेल त्यांना!" भीड पडली. अब्बांचा गुन्हा विचाराल तर तो एवढाच, पण तो कायद्याच्या पुस्तकात नाही म्हणून त्यांना दुसरा लावावा लागला.

अब्बांनी रोज थोडी थोडी घड्याळे साफ करून, तेल घालून, आत खूण करून ठेवली. सोमवार दि. ९ सप्टेंबर रोजी सर्जेराव आले व तयार झालेल्यांपैकी सहा घेऊन गेले. त्या सहांवर एक ते सहा क्रमांक होते. त्यातले एक त्यांनी तिथेच हातात घातले आणि आरशात बघावे तसे मनगट फिरवून बघितले.

बुधवार दि. ११ सप्टेंबर रोजी सकाळी साडेअकरा वाजता कस्टमचे लोक दुकानात आले. सोबत दोन पंच होते. पुण्यात समुद्र नाही, मग इथे कस्टमवाले कशाला, असे मला तेव्हा वाटले होते. त्यांनी डब्यातली उरलेली बेचाळीस घड्याळे जप्त केली. गिऱ्हाइकांची म्हणून फळीवर असलेली सतरा विलायती घड्याळेही जप्त केली, कारण ती कोणाची हे दाखवायला पावत्या नव्हत्या. खबर कोणी दिली ते मला माहीत नाही. कस्टम खबऱ्याचे नाव सांगत नाही. मी विचारून पाहिले आहे.

पंचनाम्यावर सही करणारे अधिकारी श्री. देवस्थळी यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते आवाज चढवून बोलले नाहीत. अम्मी त्यांच्या कार्यालयात जाऊन रडली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली व सांगितले, "बाई, सरहद्द फक्त डोंगरात नसते. बंदरात असते, आणि माल तिथून निसटला की तुमच्या दुकानाच्या फळीवर असते. असा माल आम्ही आत येऊ दिला तर इथे घड्याळं बनवणाऱ्यांनी कारखान्याला कुलूप लावायचं का?" मग त्यांनी कायदा समजावला. चोरीचा माल असेल तर चोरी झाली हे सरकार सिद्ध करते. परंतु घड्याळ हा असा माल आहे की ज्याच्याकडे तो सापडेल त्यानेच तो चोरट्या मार्गाने आलेला नाही हे सिद्ध करायचे. नाहीतर मालक दाखवायचा.

अब्बांनी मालक दाखवला. त्यांच्या जबाबात सर्जेरावांचे नाव, डबा, तारीख, सगळे आहे. देवस्थळींनी जप्त घड्याळे उघडून पाहिली. तेरांच्या झाकणात ज आणि सात ते एकोणीस असे क्रमांक निघाले, बाकीची व्हायची होती. त्यांनी विचारले, "मग एक ते सहा कुठे आहेत?" अब्बा म्हणाले, "ती सर्जेरावांकडे. एक त्यांच्या हातात." हेही जबाबात लिहिले गेले. खुणेची गोष्ट बाहेर बोलायची नाही, असे देवस्थळींनी अब्बांना बजावले. दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीला सर्जेरावांच्या घराची झडती झाली. काही मिळाले नाही. सर्जेरावांनी लिहून दिले की जब्बार आत्तार या इसमास ते ओळखत नाहीत व स्वतःकडे कोणतेही घड्याळ नाही.

फौजदारसाहेबांनी या ठिकाणी मला विषयाला धरून बोलण्यास सांगितले. मी विषयालाच धरून आहे.

जामिनावर सुटल्यावर ऑक्टोबरात अब्बा मला बरोबर घेऊन बिबवेवाडीला गेले. सर्जेराव ओसरीत बाजेवर बसले होते, आजूबाजूला चार माणसे होती. त्यांनी विचारले, "कोन म्हनायचं आपन?"

अब्बा म्हणाले, "सर्जेराव, मी जब्बार. डब्याचं तेवढं साहेबांना खरं सांगा. बाकी काही मागत नाही."

"कसला डबा? आवो, आमी शेतकरी मानसं. सूर्य बघून येळ सांगतो. आमाला कशाला लागतंय घड्याळ?"

माणसे हसली. सर्जेरावांनी उजव्या हाताने डावी बाही खाली ओढली. मी ते पाहिले. अब्बांनी हात जोडले, तेही मी पाहिले. मला त्या वेळी फार राग आला, सर्जेरावांचा आला आणि अब्बांचाही आला. अब्बांवरचा पुढे निवळला.

निकालात लिहिले आहे की जप्त मालाचा अन्य कोणी मालक असल्याचे दिसून येत नाही, सबब तो जब्बार आत्तार यांचाच समजण्यात येतो. कोर्टाने चार महिन्यांची शिक्षा दिली. ती त्यांनी येरवड्यात पूर्ण भोगली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यात नाव बरोबर छापले होते. सतरा गिऱ्हाइकांपैकी आठ जणांना खरेदीचे कागद दाखवून घड्याळे परत मिळाली. नऊ जणांना मिळाली नाहीत. ते आमच्या दारात येऊन उभे राहत. त्यातले एक मास्तर होते, त्यांना ते घड्याळ त्यांच्या मुलाने पहिल्या पगारातून दिलेले होते. ते नुसते उभे राहून जात. दुकान सोडावे लागले. डिसेंबरात माझे लग्न ठरलेले होते. ते झाले नाही. त्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

अब्बांनी नंतर घड्याळ उघडले नाही. घरात चालू घड्याळ ठेवू दिले नाही. ते दि. ६ जुलै १९७८ रोजी वारले. मृत्यूची वेळ सांगता येत नाही, कारण घरात घड्याळ नव्हते.

त्यांची हत्यारे मी काढली व शिकले. अर्धे काम लहानपणी त्यांच्याकडे बघून येत होते, अर्धे बिघडवून आले. माझी काम करण्याची पद्धत अब्बांच्या उलट आहे. मी पावतीशिवाय घड्याळाला हात लावत नाही. गिऱ्हाइकासमोर झाकण उघडते, आत जे असेल ते पावतीवर लिहिते, मालकाचे नाव विचारून लिहिते आणि आणणाऱ्याची सही घेते. माझ्या सख्ख्या मावशीने सही केली आहे, रागावून. पेठेत मला "कोर्टबाई" म्हणतात. म्हणू देत. दुसऱ्याच्या झाकणात मी खूण करत नाही.

मंगळवार दि. १२ फेब्रुवारी १९८५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मैनाबाई वाडकर नावाच्या बाई घड्याळ घेऊन आल्या. त्यांचे माहेर कसबा पेठेत आहे व त्या बाळंतपणानंतर माहेरी आल्या होत्या. घड्याळ बंद पडले होते. मी मालकाचे नाव विचारले. त्या म्हणाल्या, "मामंजींचं हाय. सर्जेराव वाडकर, बिबवेवाडी. लय जुनं हाय, पन त्यांच्या हातातनं उतरत न्हाई बगा. बारशाला घालायचंय म्हनून मागं लागल्यात."

नाव ऐकल्यावर मी लगेच झाकण उघडले नाही. आधी टेबल पुसले. मग उघडले आणि भिंग लावले. आत ज होता. खाली ५/९/७४. खाली ४.

मी भिंग पुसून पुन्हा पाहिले, तेच होते. हे लिहून घ्यावे असा माझा आग्रह आहे. मी खूण पावतीवर जशीच्या तशी उतरवली, वाचून दाखवली व मैनाबाईंची सही घेतली. त्यांनी विचारले, "ह्ये ज म्हंजी काय हो ताई?" मी सांगितले, कारागिराचे नाव असते. त्या म्हणाल्या, "कित्ती बारीक! चांगला हात आसंल त्याचा." मी म्हटले, चांगला होता. पावती क्रमांक ६११. ती मी आज हजर करत आहे. पुढच्या गुरुवारी या, असे मी त्यांना सांगितले.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतले. त्या दिवशी दुसरे काम केले नाही. अम्मीने विचारले काय झाले, तिला सांगितले नाही. ती मला थांबवेल असे वाटले. तिने बऱ्याच वर्षांपूर्वी सर्जेरावांना माफ केले आहे. मी केलेले नाही, करणार नाही आणि कोणी मला तसे सुचवू नये.

दुसऱ्या दिवशी, दि. १३ रोजी, मी घड्याळ, पावती आणि घरी जपून ठेवलेली १९७४ च्या पंचनाम्याची प्रत घेऊन कस्टमच्या कार्यालयात गेले. श्री. देवस्थळी आता मोठ्या हुद्द्यावर आहेत व पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांनी मला ओळखले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "एक ते सहा?" मी म्हटले, चार. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग फाइल मागवली. अब्बांचा जबाब, सर्जेरावांचा जबाब, दोन्ही निघाले. घड्याळाच्या कडेवरचा कारखान्याचा नंबर जप्त मालाच्या यादीतल्या नंबरांच्या रांगेतच बसत होता. त्यांनी पंच बोलावून घड्याळ रीतसर ताब्यात घेतले. त्याची पोचही मी आज हजर करत आहे. म्हणजे सदर घड्याळ दि. १३ फेब्रुवारीपासून सरकारजमा आहे. त्याचा अपहार करायला ते माझ्याजवळ नाही.

परंतु देवस्थळींनी मला एक अडचण सांगितली. ते म्हणाले, "सही सुनेची आहे. मी उद्या त्याच्याकडे गेलो तर तो काय म्हणेल? घड्याळ माझं नाही. सुनेनं कुठून आणलं तिला विचारा. मागच्या वेळी तुमच्या वडिलांवर ढकललं, या वेळी त्या पोरीवर ढकलेल."

मी म्हटले, "त्यांनीच आपल्या तोंडाने माझं म्हटलं तर?"

ते म्हणाले, "कशाला म्हणेल?"

मी म्हटले, "मी परत दिलं नाही तर म्हणतील."

देवस्थळींनी फाइलची नाडी बांधली. नंतर म्हणाले, "खोटं बोलू नका. एवढंच सांगतो." मी त्यांना शब्द दिला व तो पाळला आहे.

त्यानंतर मैनाबाई दि. २१ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी आणि ७ मार्च अशा तीन गुरुवारी आल्या. घड्याळ हरवले असे मी म्हटले नाही, झाले नाही असेही म्हटले नाही. "आज मिळणार नाही, पुढच्या गुरुवारी बघा" एवढेच म्हटले. ते खरे होते. पुण्यात कारागिराने असे सांगितले तर गिऱ्हाईक संशय घेत नाही. तिसऱ्या खेपेला मैनाबाईंच्या कडेवर मूल होते. त्या रडत होत्या. घड्याळाशिवाय घरी पाऊल टाकू नकोस असे सासऱ्यांनी सांगितले आहे, बारसेही घड्याळ आल्याशिवाय करणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना पाणी दिले, मुलाला जवळ घेतले आणि पुढच्या गुरुवारी या म्हणून सांगितले. मला त्याचे वाईट वाटले. आजही वाटते. परंतु मी घड्याळ कस्टममध्ये आहे हे सांगितले नाही. मैनाबाईंनी विश्वासाने घड्याळ दिले, त्याचप्रमाणे अब्बांनी विश्वासाने घेतले होते. त्या बाईंचा यात काही दोष नाही व तसे स्पष्ट लिहावे.

शनिवार दि. ९ मार्च रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास सर्जेराव स्वतः आले. आळीत गाडी शिरत नाही, म्हणून चालत आले. पांढरा शर्ट, बाही दुमडलेली, मनगट मोकळे. आता ते इमारती बांधतात व त्यांच्यामागे दोन माणसे असतात. त्यांनी माझ्या टेबलावर हात आपटला. शेजारचे तांबट दत्तोबा यांनी हातोडी थांबवली, ते साक्षीला आहेत.

सर्जेराव म्हणाले, "माझं घड्याळ काढ."

मी म्हटले, "आपलंच कशावरून?"

"माझं न्हाय तर काय तुज्या बापाचं?"

मी म्हटले, "नाही, माझ्या वडिलांचं नाही. ते नक्की." हे वाक्य मी अकरा वर्षे कोणाला तरी सांगू पाहत होते. ते असे त्यांनाच सांगायला मिळेल असे वाटले नव्हते.

ते ओरडले, "अकरा वर्सं माझ्या हातात हाय त्ये! समद्या बिबवेवाडीला ठावं हाय! पोलिसात दीन तुला!"

मी विचारले, मला ओळखलंत का. ते म्हणाले, "तुला मी कशाला वळखू?" मी म्हटले, बरोबर आहे. मग सांगितले, "असं तोंडी नको. मी बिनकागदाचं काही मानत नाही. पोलिसात लिहून द्या. कधीपासून आपल्याकडे आहे, दुसऱ्या कोणाचं नाही, सगळं नीट लिहा." दत्तोबांनी नंतर मला विचारले, "अहो परवीनबाई, तुम्ही त्यांना भांडण शिकवत होता की काय?"

सर्जेरावांनी त्याप्रमाणे दि. १८ रोजी फिर्याद दिली. मला आज वाचून दाखवलेल्या फिर्यादीत असे शब्द आहेत: "सदर घड्याळ सन १९७४ पासून सतत माझ्या मालकीचे व वापरात असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही." घड्याळाचा नंबरही त्यांनी घातला आहे. तो बरोबर आहे. मालकीबद्दल फिर्यादीत एकही अक्षर खोटे नाही. खोटे त्यांनी १९७४ साली लिहून दिले होते.

जबाब चालू असताना ४ वाजून ५० मिनिटांनी फौजदारसाहेबांनी फिर्यादीस आत बोलावले. ते बाहेर बाकावर बसले होते. त्यांना पावती क्रमांक ६११ दाखवून विचारण्यात आले की हेच घड्याळ का. त्यांनी कागद लांब धरून नंबर पाहिला व म्हणाले, "ह्येच. माझंच."

मी फौजदारसाहेबांच्या परवानगीने विचारले, "नक्की ना? नाहीतर सूनबाईंनी दुसरीकडून आणलं असेल."

ते म्हणाले, "तिला काय कळतंय? माझ्या हातातलं घड्याळ मी वळखनार न्हाय व्हय?" व त्यांनी पावतीखाली सही केली. फौजदारसाहेबांनी तारीख व वेळ घातली.

नंतर मी त्यांना सांगितले की मी नारायण पेठेतल्या जब्बार आत्तारांची मुलगी. पावतीवर लिहिलेला ज म्हणजे काय तेही सांगितले. घड्याळ कुठे आहे ते सांगितले. एक, दोन, तीन, पाच आणि सहा कोणाकोणाला आहेर केली ते आठवून ठेवा, देवस्थळीसाहेब विचारतील, असेही सांगितले. मी आवाज चढवला नाही.

सर्जेराव उभे होते ते बसले. काही वेळ डावे मनगट उजव्या हाताने धरून बसले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता फौजदारसाहेबांना विचारले की फिर्याद माघारी घेता येते काय.

माझी विनंती अशी की ती माघारी घेऊ देऊ नये. फिर्यादीची व सही केलेल्या पावतीची प्रत कस्टमकडे पाठवावी. माझ्याविरुद्ध जी चौकशी करायची ती अवश्य करावी, मी कुठे जात नाही. १९७४ च्या निकालात मालाचा अन्य मालक दिसून येत नाही असे लिहिले आहे. तो आता दिसून आला आहे, स्वतःच्या पायाने चौकीत आला आहे, आणि त्याने सही केली आहे. अब्बांच्या नावापुढे जे लिहिले गेले ते खोडले जावे. ते खोडले गेल्याचा कागद हातात आला की मी घरात भिंतीवर घड्याळ लावणार आहे.

मला विचारण्यात आले की हे सर्व मी सूडबुद्धीने केले काय. होय. शब्द बदलू नये.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी "वैमनस्य नाही" असे सवयीने लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "आहे" केले व त्याजवळ मी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

जबाब पूर्ण, चौकीतल्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी. सदर घड्याळ सात मिनिटे मागे आहे.

सही: परवीन जब्बार आत्तार